पाणीगेटची लेक विचारते: घरपट्टीत सवलत मिळते म्हणून पाण्याचं काम करावं का?



या वेळचा अभ्यासाचा विषय समुद्रातला नाही, घरातला आहे. पण पैशाचा आहे आणि पाण्याचा आहे, म्हणून सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा. घरातल्या बायामाणसांनाही वाचून दाखवा, कारण पाणी भरायचं काम त्यांच्याच वाट्याला येतं.

आपल्या एका बोटमालक सभासदाची लेक बडोद्याला पाणीगेट भागात दिली आहे. गणपतीला ती माहेरी आली होती. संस्थेच्या ओट्यावर बसून तिनं विचारलं, "काका, माझी नणंद पुण्याला असते. त्यांच्या सोसायटीनं गच्चीचं पाणी जमिनीत सोडलं, तर घरपट्टीत सवलत मिळाली. आमच्याकडेही आज ना उद्या मिळेल असं घरचे म्हणतात. प्लंबरनं पाइप आणि हजार लिटरची टाकी मिळून पंधरा हजार सांगितले. करू का?"

आम्ही तिला लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चौघं बसलो, कागद-पेन घेतलं आणि हिशोब केला. तोच हिशोब आज इथे मांडतो. तिच्या घराला लागू आहे तो बराचसा आपल्यालाही लागू आहे.

पाणीगेट आणि पाणी

बडोद्याच्या जुन्या कोटाला चार मुख्य दरवाजे. पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी आणि पूर्वेला पाणीगेट. या पाणीगेटकडून जो रस्ता पूर्वेला जातो तो आजव्याचा. आजव्याचा तलाव, म्हणजे सयाजी सरोवर, सयाजीराव महाराज गायकवाडांनी बांधून घेतला. काम १८८५ साली सुरू झालं. तेव्हा शहराची वस्ती लाखाच्या आसपास होती, पण तलाव आखताना तीन लाख माणसांचा विचार केला होता. आजव्याचं पाणी उतारानं, पंप न लावता शहराकडे यायचं. म्हणजे पाणीगेटच्या माणसाला पाण्याचा पुढचा विचार करणं नवीन नाही.

पण आज तिथली अवस्था आपल्यासारखीच आहे. पावसात पाणी नको म्हणायची वेळ येते आणि मे महिन्यात तेच शोधावं लागतं. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५० सेंटीमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली आणि लोकांच्या दारात मगरी दिसल्या. त्याच शहरात आपल्या लेकीच्या गल्लीत उन्हाळ्यात चार घरं मिळून टँकर मागवतात.

सवलत म्हणजे काय? डिझेल परतावा आठवा

आपल्याला डिझेल परतावा माहीत आहे. आधी आपण पूर्ण भावानं डिझेल भरतो. मग पावत्या, नौकेचे कागद, परवाना हे सगळं संस्थेकडे देतो आणि कराचा पैसा नंतर मिळतो. कागद अपुरा असेल तर मिळत नाही. उशीर होतो तो वेगळाच.

घरपट्टीतली सवलत तशीच समजा. आधी खर्च आपला. मग अर्ज, मग पालिकेचा माणूस येऊन बघणार, मग पुढच्या बिलात थोडी रक्कम कमी होणार. कोणी तुमच्या हातात टाकीचे पैसे आणून देत नाही.

काही ठिकाणचं उदाहरण बघा:

• पुणे महानगरपालिका: पावसाच्या पाण्याची साठवण किंवा जिरवण, सौर ऊर्जा, गांडूळ खत यांपैकी एक काम असेल तर ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत. ही बिलाच्या सगळ्या रकमेवर नसते, शासनाचे कर त्यातून वगळतात.

• इंदूर आणि ग्वाल्हेर, म्हणजे होळकरांचं आणि शिंद्यांचं गाव: पावसाचं पाणी जिरवणाऱ्या घरांना मालमत्ता करात ६ टक्के सवलत जाहीर झाली होती.

• दिल्ली: तिथे सवलत घरपट्टीत नाही, पाण्याच्या बिलात आहे. यंत्रणा चालू असेल तर १० टक्के.

• अमेरिकेतलं टूसॉन शहर: वाळवंटी भाग, वर्षाला ३० सेंटीमीटरच्या आसपास पाऊस. तिथली पालिका पावसाचं पाणी साठवणाऱ्या घराला २,००० डॉलरपर्यंत खर्च परत देते. पण अट अशी की घरमालकानं आधी वर्गाला बसायचं. पाणी किती येणार, कुठे वापरणार, हे शिकल्याशिवाय पैसे नाहीत. ही अट आम्हाला फार आवडली.

आपल्या राज्यात मुंबई सोडून बहुतेक शहरांना जी एकत्रित बांधकाम नियमावली २०२० पासून लागू आहे, तिच्यात ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पावसाच्या पाण्याची यंत्रणा सक्तीची आहे. आपली घरं त्याहून लहान. म्हणजे आपल्यावर सक्ती नाही. पण आपल्या मर्जीनं करायला कोणी अडवतही नाही.

लेकीच्या घराचा हिशोब

तिची घरपट्टी वर्षाला ३,००० रुपये. समजा तिच्या शहरात पुण्यासारखी ५ टक्के सवलत मिळाली. किती झाले? १५० रुपये.

खर्च १५,००० रुपये. १५० रुपयांनी तो भरून निघायला किती वर्षं? शंभर.

हे ऐकून ती हसली. आम्ही म्हटलं, हसू नको, पुष्कळ लोक हा भागाकार करतच नाहीत. मोठ्या सोसायटीचं बिल लाखात असतं, खर्च शंभर घरांत वाटला जातो, म्हणून तिथे सवलत दिसते. एकट्या घराला ती चहापाण्याची रक्कम आहे.

तेव्हा पहिला धडा: सवलतीसाठी काम करू नका. पाण्यासाठी करा.

मग पाणी किती मिळतं?

सोपं सूत्र आहे. छपराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, पाऊस मीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, त्याला हजारानं गुणा. तेवढे लिटर छपरावर पडतात. त्यातलं सगळं हाती येत नाही. काही उडतं, काही सुकतं, काही सांडतं. स्लॅबला शंभरातले ८० धरा. पत्र्यावरून थोडं जास्त येतं, कौलावरून थोडं कमी.

लेकीचा स्लॅब ५०० चौरस फूट, म्हणजे ४६ चौरस मीटर. बडोद्याचा पाऊस वर्षाला सरासरी ९० सेंटीमीटरच्या आसपास.

४६ × ०.९ × १,००० = ४१,४०० लिटर. त्यातले ८० टक्के म्हणजे सुमारे ३३,००० लिटर.

तेवढंच छप्पर आपल्या किनाऱ्यावर असतं आणि पाऊस अडीच मीटर धरला, तर हाती ९२,००० लिटर.

आकडा मोठा दिसतो ना? इथेच फसायला होतं. टाकी हजार लिटरची आहे. ती पावसाच्या पहिल्या जोरात भरते आणि बाकीचं वाहून जातं. २०१९ च्या त्या एका दिवसात तिच्या स्लॅबवर २३,००० लिटर पडलं असतं. टाकीत मावलं असतं हजार. म्हणजे मिळकत छपरावर नाही, टाकीवर ठरते. मासळी कितीही लागली तरी खणात मावेल तेवढीच घरी येते, तसं.

आणि दुसरी गोष्ट. पावसात भरलेली हजार लिटरची टाकी मे महिन्यापर्यंत टिकते का? घरात चार माणसं. धुण्या-भांड्याला माणशी ४० लिटर धरले तर सहा दिवसांत टाकी रिकामी. टँकर येतो मे महिन्यात आणि टाकी तेव्हा कोरडी. म्हणजे पंधरा हजार घालून टँकर काही थांबत नाही.

आधी ही बिनखर्चाची कामं

आम्ही तिला विचारलं, घरात नळ गळतो का? म्हणाली, न्हाणीतला एक गळतो, थेंब थेंब. संडासाची टाकी कुठली? जुनी, दहा लिटरची.

आता बघा.

१) सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला १५ ते २० लिटर घालवतो. १५ धरू. एक वॉशर बदलला की थांबतो.

२) जुन्या फ्लशच्या टाकीत पाण्यानं भरलेली, झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली उभी ठेवा. आतल्या दांड्याला लागू देऊ नका. दर वेळी एक लिटर वाचतं. तिच्या घरात सगळे मिळून दिवसाला २५ वेळा फ्लश करतात असं धरलं तर २५ लिटर. खर्च शून्य. जेव्हा टाकी बदलाल तेव्हा दोन बटणांची घ्या, लहान बटणाला साधारण तीन आणि मोठ्याला सहा लिटर जातात.

दोन्ही मिळून दिवसाला ४० लिटर. वर्षाला १४,६००. आणि एप्रिल-मेच्या ६० दिवसांत २,४०० लिटर. जेव्हा गच्चीची टाकी कोरडी असते तेव्हाच हे पाणी वाचतं.

३) गच्चीवरची टाकी भरून वाहते का? फ्लोट व्हॉल्व बसवा. पंप चालू करून माणूस बाजाराला गेला आणि पाणी तासभर पागोळीनं वाहिलं, हे आपल्या आळीतही रोज दिसतं.

४) घरी आरओ मशीन असेल तर गाळलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी ते मोरीत टाकतं. ती नळी बादलीत सोडा. लादी पुसायला, संडासाला ते पाणी चालतं.

यातल्या कुठल्याच कामाला घरपट्टीत सवलत नाही. तरी पैशाला पैसा देणारी कामं हीच आहेत. दुसरा धडा: ज्याला सवलत आहे तेच काम आधी करायचं, असं नाही.

साठवायचं की जिरवायचं?

पुण्याच्या सोसायट्या बहुतेक पाणी जमिनीत जिरवतात, बोअरवेलला आधार मिळतो म्हणून. ते सगळीकडे चालत नाही.

पाणीगेटच्या जुन्या वस्तीत घराला घर लागून आहे. खड्डा खणायला जागा नाही आणि शेजारी गटार असेल तर घाण पाणी जमिनीखाली मिसळण्याची भीती. तिथे साठवण बरी.

किनाऱ्यावर आणखी वेगळं. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीचं पाणी हाताला लागतं एवढं वर येतं. भरलेल्या जमिनीत खड्डा खणला तर पाणी जिरत नाही, खड्डाच भरून राहतो. शहरातला नकाशा आणून आपल्या वाडीत खड्डे खणू नका. आपल्यालाही साठवणच.

साठवण कशी, ते जुन्या लोकांना माहीत होतं. अहमदाबादच्या पोळांमध्ये, खंभातला, भरूचला जुन्या घरांच्या अंगणाखाली टाकं असतं. चौकात फरशी, खाली चुन्यानं लिंपलेली बंद टाकी, छपराचं पाणी नळीनं आत. उन्हाळ्यात त्यावर घर चालायचं. भरूचच्या नर्मदेत पाला धरणाऱ्या आपल्या भाऊबंदांचं गावही तेच. नदी दारात, तरी समुद्राचं खारं पाणी भरतीला वर येतं. आपल्यासारखंच.

आपल्या घराचं माप सांगतो. पाच माणसं, पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ५ लिटर, म्हणजे दिवसाला २५. विहीर खारट होते ते चार महिने, १२० दिवस. २५ × १२० = ३,००० लिटर. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर खोल. लहान होडीच्या खणाएवढी जागा. घर नव्यानं बांधताना किंवा लादी उखडताना हे टाकं करून घ्या, तेव्हा ते स्वस्तात होतं. नुसतं टाक्यासाठी घर फोडू नका.

सुकी मासळी आणि गच्ची

आपल्या घरांसाठी ही वेगळी सूचना, कुठल्याही सरकारी पुस्तकात मिळणार नाही.

आपण गच्चीवर जवळा, बोंबील सुकवतो. मीठ, खवले, मासळीचा वास स्लॅबला बसतो. त्यावर कावळे, घारी येतात. पाणी घ्यायचं असेल तर मे अखेर गच्ची घासून धुवा. पहिले दोन-तीन मोठे पाऊस टाकीत घेऊ नका, पाइपचं तोंड बाहेर वळवा. पुढेही पाऊस मधेच थांबून पुन्हा सुरू झाला तर पहिलं पाणी सोडून द्या.

टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी लावा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावरचं किंवा ताज्या रंगाच्या पत्र्यावरचं पाणी पिऊ नका. पिण्याचं पाणी गाळून, उकळूनच घ्या. मासळी आणि बर्फाला हे पाणी लावू नका, तिथे पिण्यायोग्य शुद्ध पाणीच हवं. पण जाळी खळबळायला, इंजिन धुवायला, क्रेट बाहेरून घासायला पावसाचं पाणी छान. त्यात खार नसतो, साबणाला फेस येतो.

सवलत सोडायची नाही

वर म्हटलं, सवलतीसाठी काम करू नका. पण काम केल्यावर सवलत सोडूही नका. १५० रुपये असले तरी ते दर वर्षी आहेत आणि आपल्या हक्काचे आहेत. त्यासाठी एवढं करा:

• घरपट्टीचं बिल बाहेर काढा, मागची बाजूही वाचा. सवलती तिथे छापलेल्या असतात. नसतील तर वॉर्ड ऑफिसात लेखी विचारा. तोंडी उत्तरावर खर्च करू नका.

• बिलावर नाव कोणाचं आहे ते बघा. आपली खरी अडचण इथेच आहे. घर आजोबांनी बांधलेलं, पट्टी चुलत्याच्या नावावर, राहतो आपण. अर्ज ज्याच्या नावावर बिल आहे त्याचा लागतो. वारसाची नोंद राहिली असेल तर आधी ती करा. ती पुढे कर्जालाही लागेल, विम्यालाही लागेल.

• थकबाकी भरून टाका. मागचं बाकी असेल तर सवलतीचा अर्ज पुढे सरकणं कठीण.

• काम करण्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढा. प्लंबरचं पक्कं बिल घ्या.

• यंत्रणा चालू ठेवा. पाइप तुटला, जाळी बुजली, टाकीत भंगार भरलं आणि तपासणीला कोणी आलं, तर मिळालेली सवलत काढून घेतात.

ज्यांची घरं ग्रामपंचायतीत आहेत त्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा. महापालिकेच्या सवलती पंचायतीला आपोआप लागू होत नाहीत. मागितल्याशिवाय मिळायचं नाही.

संस्थेनं काय करावं?

एकेका घरानं पंधरा हजार घालण्यापेक्षा एक मोठं छप्पर बघा. समजा लिलावाची शेड ३०० चौरस मीटरची पत्र्याची आहे. अडीच मीटर पाऊस, ८५ टक्के हाती. म्हणजे वर्षाला सहा लाख ३७ हजार लिटर. आज ते सगळं जेटीवरून समुद्रात जातं आणि शेडचा ओटा धुवायला आपण टँकर विकत घेतो. शेडच्या एका बाजूला दोन मोठ्या टाक्या ठेवल्या तर पावसाळ्यात ओटा धुवायला आणि संडासाला तेवढं पाणी निघेल. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावा असं आम्हाला वाटतं. सभासदांनी आपलं मत कळवावं.

लेकीला काय सांगितलं?

तिला सांगितलं, पंधरा हजाराचं काम आत्ता नको. आधी वॉशर, बाटली आणि फ्लोट व्हॉल्व. मग गच्चीचा एकच पाइप खाली आण आणि घरात असलेल्या पिंपाला जोड, जाळी लाव. पावसाळ्यात धुणं त्याच्यावर कर. पुढे कधी घराचं काम काढाल तेव्हा अंगणाखाली टाकं करा. आणि वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज दे, सवलत असेल तर घे.

ती म्हणाली, "पण काका, बाटली ठेवायला आणि वॉशर बदलायला सासूबाईंना कशाला विचारायचं? ते तर मी जाऊन लगेच करते."

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. नळ गळायचा थांबला आहे. पहाटे पाणी भरायला आता दोन हंडे कमी लागतात. ती म्हणाली, "पंधरा मिनिटं जास्त झोपायला मिळतं."

आपल्याकडे पाणी पहाटे येतं आणि लिलावही पहाटेच असतो. नळाशी उभं राहायचं की बाजार गाठायचा, या ओढाताणीत आपल्या किती बायांची झोप गेली, त्याचा हिशोब कुठल्याच बिलात नाही. त्यांची पंधरा मिनिटं वाचली तरी हा धडा वसूल झाला म्हणू.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: सगळे नळ बंद करून कान द्या. कुठे थेंब पडतोय का? आवाज आला तर उद्याच वॉशर आणा.

आणि ज्यांनी टाकं, टाकी किंवा पाइप आधीच केलंय त्यांनी खर्च किती आला आणि पाणी किती दिवस पुरलं ते संस्थेच्या ऑफिसात येऊन सांगा. पुढच्या अभ्यासाला आपल्याच वाडीचे आकडे घेऊ.